चिठ्ठीतला मालक

फुलसिंग आडे माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्याबरोबर पाच जण होते आणि समोर खुर्ची एकच होती. ऑफिस म्हणजे महागावच्या बसस्टँडजवळ, झेरॉक्सच्या दुकानाचा अर्धा भाग. मोटारसायकल, ट्रॅक्टर, ऑटो यांचे विमे काढणं हा माझा धंदा. एका वेळी एक माणूस येतो, बसतो, पैसे भरतो आणि जातो. मी म्हटलं, बसा. तो म्हणाला, "सारे बसतीन तं बसतो." मी म्हटलं, मग उभ्याउभ्याच बोला. त्यावर त्यानं खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली आणि सहाही जण जमिनीवर मांडी घालून बसले. टेबलामागे एकटीनं उंचावर बसून खालच्या सहा चेहऱ्यांशी बोलायला मला अवघड गेलं. त्याला तेच हवं होतं की काय, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

ही माणसं जवळच्याच तांड्यावरची. आधी दरवर्षी ऊसतोडीला जायची. मुकादमाची बोलणी खाऊन कंटाळली आणि झाडं छाटायच्या धंद्यात शिरली. पावसाळ्याआधी विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या तोडायच्या, घरावर कललेलं झाड वरून तुकड्यातुकड्यानं उतरवायचं, शाळांची, कचेऱ्यांची आवारं साफ करायची. सगळा कारभार कोयते, करवती आणि दोर यांवर. तरी फुलसिंग त्याला 'कंपनी' म्हणायचा. "आमची कंपनी हाय, ताई. नाव नाही ठेवलं अजून. सहाजनायचं एक नाव कसं ठेवाव?"

ती वर्षं कापसाची होती, म्हणजे कापूस बुडाल्याची. आमच्या जिल्ह्यात तेव्हा बाहेरून पुष्कळ माणसं यायची. गाडीतून उतरून वाळल्या पऱ्हाटीचे फोटो काढायची, कोणाच्या घरी कोण गेलं ते विचारायची आणि संध्याकाळच्या आत परत निघायची. त्यांना मेलेल्यांची चौकशी करायची असे. जिवंत माणसाला उद्या काही झालं तर काय, हा प्रश्न घेऊन दारोदार फिरणारी मीच. मला कोणी चहासुद्धा विचारत नसे. त्या दिवसांत सहा माणसं आपण होऊन विमा मागायला आली, याचंच मला नवल वाटलं.

फुलसिंग बुटका, हाडापेरानं मजबूत, हातांवर सालीच्या ओरखड्यांची जाळी. झाडावर तो जसा चढायचा तसं चढताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलेलं नाही. पण त्याबद्दल कोणी कौतुक केलं की चिडायचा. "झाडावर चढाची पाळी असते. आज मी, उद्या थावरा, परवा हिरामण. कवतिक करता तं साऱ्यायचं करा." कमाईची वाटणी सारखी. तापानं घरी पडलेल्यालाही सारखी. एकदा एका शाळेतलं वाकलेलं झाड त्यांनी उतरवलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी शाल आणि नारळ देऊन 'ठेकेदारांचा' सत्कार ठेवला. फुलसिंगनं विचारलं, नारळ किती हायेत? एक, म्हणाले. त्यानं तो तिथंच पायरीवर फोडला, सहा जणांत वाटला, एक तुकडा मुख्याध्यापकांच्या हातावर ठेवला आणि शाल परत केली. "याचे तुकडे होत नाही, सर."

हा हट्ट कुठून आला ते सांगायला हवं. त्याचा बाप एका पाटलाकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या करारानं बांधलेला गडी. तांड्यावर त्याला सगळे लखूभाऊ म्हणायचे. पाटलाच्या वाड्यातली शेंबडी पोरंही त्याला लख्या म्हणायची. फुलसिंग एवढंच सांगून थांबायचा. मलाही पुढचं ऐकायची गरज नव्हती. माझे आजोबा असेच कोणाचे तरी गडी होते. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी ते काम सोडलं. तेव्हापासून आमच्या घरात 'मालक' हा शब्द बायकांनी नवऱ्यासाठीसुद्धा वापरायचा नाही असा दंडक आहे. मीही पाळते.

विम्याचं कारण एक जिनिंग होती, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. तिच्या आवारात शिरसाची जुनी, उंच झाडं होती. शिरसाचं लाकूड ठिसूळ. खाली पत्र्याची शेड आणि तिच्याशेजारी कापसाच्या गंज्या. शेटजींनी काम द्यायचं कबूल केलं, पण आधी विम्याचा कागद आणा म्हणाले. फुलसिंगला वाटलं, शेट भला माणूस आहे, आपल्या जिवाची काळजी करतो. मी शेटच्या मॅनेजरला फोन लावला. त्याला हवा होता तो शेडचा आणि कापसाचा विमा. फांदी पडून त्यांचं काही मोडलं तर भरून कोण देणार, एवढाच त्याचा प्रश्न होता.

मी हे सांगितल्यावर थावरा म्हणाला, "कापसाले भाव नाही मनतेत, पन विमा हाय. आमाले तं दोन्ही नाही." सगळे हसले. थावरा हा फुलसिंगचा लहानपणापासूनचा सोबती, लांब हातापायांचा, तोंडाळ. हिरामण थावराचा धाकटा भाऊ.

मी त्यांच्यापुढे तीन विमे मांडले. पहिला, तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा. फांदी शेडवर पडली, भिंत फुटली, खालून जाणारा माणूस सापडला, तर. हा नसेल तर जिनिंगचं फाटक उघडणार नाही. दुसरा, ज्याचा त्याचा अपघात विमा. माणूस गेला तर ठरलेली रक्कम, हातपाय गेला तर त्या मानानं, दवाखान्याचं काही नाही. आणि उंचावर काम करणाऱ्यासाठी विमा कंपनी हात आखडूनच रक्कम देते. तिसरा, कामगारांचा. मालकाकडे रोजीनं असलेला माणूस कामावर पडला तर मालकाची जी जबाबदारी होते ती कंपनी उचलते. जन्माचं अपंगत्व आलं तर सगळ्यांत मोठी रक्कम याच्यात. हप्ता थोडा वाढवला तर दवाखानाही.

"मंग पयला शेटसाठी, तिसरा आपल्यासाठी," हिरामण म्हणाला. "मधला कायले पायजे?"

"तिसऱ्याला मालक लागतो," मी म्हटलं.

"मालक कोनी नाही," फुलसिंग म्हणाला.

"मग तिसरा मिळत नाही. भागीदार पडला तर तो कामगार धरत नाहीत."

"काहून? भागीदाराचं हाड मोडत नाही का?"

"मोडतं. पण नियम मी केलेला नाही."

ते उठून गेले. मला वाटलं, आता मधला घेतील किंवा काहीच घेणार नाहीत. पण थोड्याच दिवसांत सहाही जण परत आले, तेही जत्रेला निघाल्यासारखे हसत. थावरा दारातूनच ओरडला, "ताई, मालक भेटला!" तांड्यावर बसून त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. झाडावर चढायची जशी पाळी, तशी मालकीचीही पाळी. दरवर्षी एक जण कागदावर मालक, बाकीचे मजूर. वाटणी मात्र पहिल्यासारखी. पहिली चिठ्ठी फुलसिंगची निघाली होती. थावरा त्याच्यापुढे कमरेत वाकला. "मालक, पान्याचा तांब्या आनू का?"

"चूप बे, थावऱ्या," फुलसिंग लाजून लाल झाला होता. "तुही पाळी आली का तुह्या खेटराले पालिश करीन मी."

मी हसले नाही. मी स्पष्ट सांगितलं, की कागदावरचा मालक हा विमा कंपनीच्या लेखी खराच मालक. चिठ्ठीपाळी तिला कळत नाही. आणि या विम्यात मालकाला स्वतःला काही मिळत नाही. तेव्हा जो मालक, त्यानं त्या वर्षी झाडावर चढायचं नाही. पडला तर हात रिकामे.

हे ऐकल्यावर हसणं थांबलं. कारण अवघड फांद्या फुलसिंगच काढायचा. पाळी कोणाचीही असो, अगदी टोकाला जायची वेळ आली की तो वर असावा असं सगळ्यांना वाटायचं, आणि हे कोणी बोलून दाखवत नसे. फुलसिंगनं थोडा विचार केला. "एका वरसाची गोष्ट हाय," तो म्हणाला. "मी खाली दोर धरतो." आणि अशा रीतीनं पहिला आणि तिसरा, असे दोन विमे निघाले.

पुढचं मला हिरामणनं सांगितलं. शेडवर गेलेल्या मोठ्या फांदीचा दिवस आला, तेव्हा चढायच्या जुन्या पाळीनं नाव फुलसिंगचंच येत होतं. त्यानं सवयीनं दोर कमरेला बांधायला घेतला. थावरानं तो त्याच्या हातातून काढून घेतला. "तू मालक होय ना? मालकानं खाली उभं राहून शिव्या द्याव." आणि हसत वर गेला. फांदीवर कोयता पडायच्या आधीच ती बुडातून तडकली. थावराच्या कमरेचा दोर त्याच फांदीला होता. फुलसिंगच्या हाती दुसरं टोक होतं, ते त्याच्या तळव्यांची कातडी घेऊन निसटलं.

फांदी शेडच्या बाहेरच्या अंगाला पडली. मॅनेजर धावत आला, त्यानं आधी पत्रा पाहिला, मग कापसाच्या गंज्या, मग थावरा. पत्र्याला पोचाही आला नव्हता. तेव्हा शेटसाठी घेतलेल्या विम्याचा प्रश्नच उरला नाही.

थावरा यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात पडून राहिला, मग नागपूरला नेला, मग घरी आणला. कमरेखाली जीव राहिला नव्हता. घरात बायको, झमकू. आधी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून चार पैसे आणायची. आता खाट सोडून तिला कुठं जाता येईना. तिसऱ्या विम्याचा दावा मी दाखल केला. त्या रकमेवर दोघांचं पुढचं सगळं आयुष्य होतं, यात कोणाला काही शंका नव्हती.

कंपनीचा चौकशी अधिकारी येणार असं कळलं, तेव्हा मी फुलसिंगला बोलावून घेतलं. म्हटलं, "तो एकच गोष्ट बघेल. थावरा तुमचा मजूर होता की भागीदार. चिठ्ठीची गोष्ट त्याच्या कानावर गेली तर पैसे गेले. थावराला आधी सांगून ठेवा."

"तुमी सांगा, ताई."

"मी एजंट आहे. साक्ष पढवली म्हणतील. तुमचा मित्र आहे, तुम्ही सांगा."

त्याच्या तळव्यांवर तेव्हा अजून पट्ट्या होत्या. त्यांच्याकडे पाहत तो म्हणाला, "आता जाऊन त्याले मनू का, माहा नोकर हो मनून?"

त्यानं सांगितलं नाही. रोज खाटेशी जाऊन बसायचा, त्याचं अंग पुसायचा, कूस बदलून द्यायचा, आणि तेवढी एक गोष्ट न बोलता घरी यायचा.

अधिकारी आला. माणूस वाईट नव्हता. उन्हातून आल्यामुळे दमलेला होता आणि त्याला त्याच दिवशी परत जायचं होतं. खाटेभोवती तांडा गोळा झालेला. त्यानं थावराला विचारलं, "तुम्ही कोणाकडे कामाला होता?"

"कोनाकडे नाही, साहेब. आमी सारे बराबर."

"रोजी किती मिळायची?"

"रोजी कायची? वाटनी असते आमची." थावराच्या बोलण्यात अभिमान होता. त्या माणसाकडे आता दुसरं काही उरलेलंच नव्हतं.

अधिकारी लिहायला लागला. मी फुलसिंगकडे पाहिलं. तो गर्दीत मागे उभा होता. तो पुढे आला आणि मी त्याच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात ओरडला, "चूप बे! समोर मालक उभा हाय तं तोंड वर करून बोलून राह्यला? रोजी घ्याले हात पसरत होता, तवा बराबरी कुठी गेलती? साहेब, याचं काय आयकता. माहा मजूर हाय. मी रोजी देतो याले. मीच चढवला त्याले झाडावर. मी मालक."

तो आवाज मी ओळखला. तिथं असलेल्या म्हाताऱ्यांनीही ओळखला असणार. असं बोलायला कोणी शिकवत नाही. ज्याच्या बापाशी कोणी रोज तसं बोललं असेल, त्यालाच ते इतकं हुबेहूब जमतं. झमकूच्या हातात साहेबासाठी आणलेलं पाणी होतं, ते तिनं तसंच धरून ठेवलं. अधिकाऱ्यालाच वाईट वाटलं. "अहो, आजारी माणूस आहे, असं ओरडू नका," तो म्हणाला. मग थावराकडे वळला. "हे मालक आहेत का तुमचे?"

थावरा फुलसिंगकडे पाहत राहिला. त्याला सगळं कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. कळलं म्हणूनच तो म्हणाला, "हो, साहेब. मालक."

दावा मंजूर झाला. रक्कम पूर्ण मिळाली. माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात इतका सरळ निघालेला दावा दुसरा नाही. कोणी विचारलं की हा विमा घ्यावा का, तर मी आजही घ्या म्हणते. मणका मोडलेल्या माणसाला औषध लागतं, गादी लागते, पोटाला लागतं. फुलसिंगनं त्या दिवशी तोंड उघडलं नसतं तर यातलं काही मिळालं नसतं. माझा हिशेब एवढा सरळ आहे.

तांड्याचा नव्हता. दुसऱ्या दिवशी फुलसिंग नेहमीसारखा खाटेशी गेला, तर थावरानं झमकूला हाक मारली. "अवं, मालक आले. बसाले द्या त्याईले." फुलसिंग म्हणाला, "असं काहून बोलतं, भिया?" भिया म्हणजे भाऊ. थावरा म्हणाला, "नाही मालक. चुकलं मालक." त्यानंतर त्यानं त्याला नावानं कधी हाक मारली नाही. प्रत्येक वाक्यात मालक. कूस बदलायला हात लावला तरी, "राहू द्या मालक, तुमी कायले." फुलसिंगनं काही दिवस सोसलं, मग जाणं बंद केलं. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या, थुकला असता तं बरं होतं, ताई. हे मालक मालक आयकवत नाही."

"त्याला पैसे मिळाले ना?" मी म्हटलं. म्हटलं ते चूक नव्हतं.

"भेटले," तो म्हणाला. "झमकू वहिनी गादी आनाले गेलती यवतमाळले."

बाकीच्यांनी वेगळाच धागा धरला. पाळी कोणाची होती? फुलसिंगची. खाली कोण राहिलं? फुलसिंग. तर चिठ्ठी निघाली त्या दिवसापासूनच हा मनातून मालक झाला होता, नाहीतर साहेबासमोर असं तोंड कसं सुटलं? हिरामण हे उघड म्हणायचा. "एवढं बराबर बोलता येत होतं त्याले. जमलं कसं?" दोर थावरानंच हातातून घेतला होता, हे हिरामणनंच मला सांगितलेलं. पण आता ते तोही सांगत नसे. वर्ष सरलं, दुसरी चिठ्ठी कोणी टाकली नाही. सहा जणांची कंपनी मोडली. एक जण पुन्हा ऊसतोडीला गेला, एक राजूरकडे कोळसा भरायला. फुलसिंग एकटाच बांधावरच्या बाभळी तोडून सरपण विकायचा. एकट्या माणसाला मोठं झाड घेता येत नाही.

मग एके दिवशी हिरामण माझ्याकडे आला. भावाच्या पैशातून त्यानं लाकूड कापायचं मशीन घेतलं होतं आणि विजेच्या लाइनीवरच्या छाटणीचं काम मिळवलं होतं. विमे कोणते घ्यायचे हे त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही. "पयला आन तिसरा," तो म्हणाला. "मालक मी. खरा मालक, चिठ्ठीतला नाही. रोजी ठरवून देली साऱ्यायची. मजूर असला का पैसा भेटते, हे फुलसिंगनंच शिकवलं आमाले."

मी मजुरांची नावं विचारली. त्यानं तीन सांगितली आणि दाराकडे वळून म्हणाला, "ये ना बे आत. तिकडं काहून उभा हायेस?"

फुलसिंग आत आला. केस बरेच पांढरे झाले होते. मी हिरामणकडे पाहिलं. "याला घेताय?"

"शेंड्याले जानारा दुसरा हाय कोन?" हिरामण म्हणाला. "आन दादा मनला, घे त्याले. रोजीनं घे."

दादा म्हणजे थावरा. मी फुलसिंगला विचारलं, "तुम्हाला चालतंय हे?"

"लिवा ताई. फुलसिंग लखू आडे. काम, झाडावर चढाचं." मी लिहून होईपर्यंत तो थांबला. "पडलो तं भेटते ना?"

"भेटतं. आता तुम्हालाही मिळेल."

"मंग ठीक हाय." तो किंचित हसला. "तवा साहेबासमोर खोटं बोललो होतो मी. मालक मजूर मनून. आता खरं झालं. तुमच्या कागदात आता काही खोट नाही."

मी कागद टेबलावर सरकवला. पेन जवळ होतं, ते सवयीनं त्यानंच उचललं.

"तुमची सही लागत नाही," मी म्हटलं. "मालकाची लागते."

त्यानं पेन हिरामणला दिलं.